घोड्यांपाशी थांबणाऱ्यांचा वाटा

परवा शाहूपुरीत झेरॉक्स काढायला गेलो होतो. कागद नेहमीचेच, कसल्याशा अर्जाला जोडायचे. दुकानदारानं मशीनमधून निघालेली पानं तशीच उचलून माझ्या हातात ठेवली. पानं गरम होती, आणि त्या गरम कागदाचा तो वास, किंचित जळका, किंचित औषधी, नाकात शिरला आणि मी जागच्या जागी थांबलो. हल्लीची यंत्रं सुधारली आहेत, त्यांचा वास पूर्वीसारखा उग्र राहिलेला नाही. पण ओळख पटायला तेवढा पुरे झाला. मी पानं नाकाशी धरून उभा राहिलेला पाहून दुकानदार म्हणाला, "काय झालं ओ पावणं? काळं आलंय व्हय?" "न्हाय, ब्येस आलंय," मी म्हणालो आणि पायऱ्या उतरलो. ज्या गावात सगळा जन्म गेला तिथं 'पावणं' म्हणवून घेण्याचं मला एरवी काही वाटत नाही. कोल्हापुरात ती सगळ्यांचीच पदवी आहे. परवा मात्र तो शब्द रस्त्याच्या टोकापर्यंत माझ्याबरोबर आला.

तुम्ही वाचणारी माणसं आहात म्हणून विचारतो. एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून ओळीवर ओळ लावून वाचायचा नाद तुम्हाला कधी लागला आहे का? पहिल्या आवृत्तीत असलेलं एखादं साधं वाक्य दुसऱ्या आवृत्तीत नसतं. कुणी काढलं, का काढलं, काढताना त्याचा हात जरा तरी थबकला का, याचा काही पत्ता लागत नाही. आजूबाजूची वाक्यं सरकून बसलेली असतात, एसटीच्या बाकड्यावर एक जण उतरला की बाकीचे सरकून बसतात तशी. हा नाद मला कथा-कादंबऱ्यांनी लावला नाही. तो एका खेळाच्या नियमांच्या पुस्तकानं लावला.

खेळ परदेशी. त्याला पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या, हारजीत नव्हती. टेबलाभोवती बसायचं आणि एकानं गोष्ट सांगायची: तुम्ही दरीत उतरला आहात, समोर मोडका पूल आहे, आता काय करता? बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या वतीनं उत्तर द्यायचं. पूल ओलांडला की पाय घसरला हे फासा ठरवणार, आणि फाशाचा अर्थ पुस्तक सांगणार. जसजसे पराक्रम होतील तसतसे पात्राला पॉइंट मिळत जायचे आणि ते अधिक बळकट, अधिक जाणतं होत जायचं. फासा वीस तोंडांचा लागायचा. तो नव्वदच्या दशकातल्या कोल्हापुरात कुठं मिळणार? आम्ही हौजीच्या डब्यातले वीसपर्यंतचे आकडे कापडी पिशवीत घालायचो आणि डोळे मिटून एक काढायचो. पिशवीत हात घालताना पैलवान दर वेळी छातीला हात लावून घ्यायचा.

पैलवान म्हणजे त्याचं पात्र पैलवान. तो स्वतः काडीसारखा होता, राधानगरीकडचा, घरी भात आणि म्हशी, इथं शिकायला खोली घेऊन राहिलेला. दुसरा वैद्य. त्याचं पात्र जखमी माणसं बरी करायचं आणि तो स्वतः बोटाला टाचणी टोचली तरी पांढरा पडायचा. मी गडमुडशिंगीहून सायकलनं यायचो. माझं पात्र होतं वाटाड्या, माग काढणारा, रानातली वाट दाखवणारा. आणि गोष्ट सांगणारा तो मास्तर. पुस्तकात त्याला जे इंग्रजी नाव होतं त्यात मास्टर असा शब्द होता, त्याचं मास्तर व्हायला आमच्याकडं कितीसा वेळ लागणार! शाहूपुरीत त्याच्या वडिलांचं यंत्रांच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि दुकानावर एक खोली. तिथं पट्ट्यांच्या रबराचा आणि ग्रीसचा वास कायम असायचा. रविवारी सकाळी आम्ही चौघं तिथं जमायचो आणि जेवायची हाक येईपर्यंत कुठल्या कुठल्या डोंगरातून हिंडून यायचो.

ती हाक मास्तरच्या आईची. घर लिंगायतांचं, मूळ सीमेपलीकडच्या गावचं, घरात निम्मं कानडी चालायचं. तो तिला अव्वा म्हणायचा म्हणून आम्हीही अव्वाच म्हणायचो. "तम्मा, ऊट झालं काय रं? बस की ताटावर," असं ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहून माझ्याकडं बघून म्हणायची. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ आणि ऊट म्हणजे जेवण, एवढं कानडी मला तिच्याच ताटावर आलं. आमचं घर छप्पनपासून बौद्ध. कुणाच्या घरी गेल्यावर आडनाव सांगायची वेळ कधी येते याचा अंदाज बांधत बसण्याची मला लहानपणापासूनची सवय होती. अव्वानं ती वेळ कधी येऊच दिली नाही. तिनं वाढलं, मी जेवलो, आणि पुढच्या रविवारी परत गेलो.

आता पुस्तकाबद्दल सांगतो. मास्तरचा मामा बोटीवर होता. त्यानं कुठल्याशा बंदरातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून ते भाच्यासाठी उचललं होतं, आणि त्याची मधली बरीच पानं गळालेली होती. मामाच्या ओळखीच्या एका मुंबईच्या मुलाकडं तोच खेळ असल्याचं कळलं. त्यानं गळालेल्या पानांच्या झेरॉक्स पाठवल्या. मग आम्ही मूळ पानं आणि ही पानं एकत्र करून सगळ्याचीच झेरॉक्स काढली आणि स्पायरल बांधून घेतली. आम्हाला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की मुंबईच्या मुलाचं पुस्तक नंतरच्या आवृत्तीचं होतं. नियम तेच, पण शब्द बदललेले. आमच्या पुस्तकात एका पानावर लिहिलं होतं की शक्ती शून्यावर आली की पात्र मेलं. बऱ्याच पानांनंतर लिहिलं होतं की शक्ती शून्यावर आली की पात्र निपचित पडतं आणि सोबत्यांनी धावपळ केली तर वाचतं. एका ठिकाणी मास्तरचा शब्द अखेरचा होता, दुसऱ्या ठिकाणी मास्तरनं सर्वांना विचारून ठरवावं असं होतं. अक्षरांचं वळणसुद्धा निराळं होतं. पण छापलेलं खोटं कसं असेल? पुस्तक एक आहे, तेव्हा दोन्ही खरंच असणार, आपल्यालाच इंग्रजी कमी पडतंय, अशी आमची खात्री. गल्लीतल्या मंडपात दोन घरची माणसं एकाच आरतीत दोन वेगळे शब्द म्हणतात आणि जोरात म्हणणारा जिंकतो. आमचंही काही महिने तसंच चाललं.

मग पैलवानाला कावीळ झाली. तो राधानगरीला जाऊन पडला आणि आमचा खेळ त्याच्यावाचून सुरू राहिला. महिनाभरात आम्ही भलतेच पराक्रम केले. पॉइंट वाटायची वेळ आली तेव्हा मास्तरनं पुस्तक उघडलं. पुढच्या भागात एक वाक्य होतं: मोहिमेत जे मिळेल ते टोळीतल्या सर्वांना सारखं वाटावं, जे बाहेर घोड्यांपाशी थांबले त्यांनाही. मधल्या भागात दुसरं वाक्य होतं: प्रसंगात ज्यांनी भाग घेतला, त्यांच्यातच पॉइंट वाटावेत. वैद्यानं दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं. न लढता पॉइंट कसले? मास्तर पुस्तकाकडं पाहत राहिला आणि म्हणाला, "आपुन हितं भांडाय बसलोय. त्यो हाय का हितं भांडाय? मग त्येच्या बाजूनं कोण बोलणार? जो हितं न्हाय, त्येच्या बाजूनं वाचायचं."

तोच आमचा नियम झाला. दोन वाक्यांचं जमेना की खोलीत नसलेल्या माणसाला जे सोयीचं, ते वाक्य खरं. पिवळे डोळे घेऊन पैलवान परत आला तेव्हा त्याचे पॉइंट आमच्याइतकेच होते. त्याला विश्वास बसेना. "म्या तर पेज पीत पडलोतो की रं," तो म्हणाला आणि खूप हसला. जगात कुठंतरी कुणीतरी तो खेळ आमच्यासारखा खेळत असेल असं मला वाटत नाही. चुकून एकत्र बांधल्या गेलेल्या पुस्तकावर आम्ही आमचा एक धर्मच उभा केला होता, आणि खरं सांगू, तो मूळ पुस्तकापेक्षा बरा होता.

ते पहिलं वाक्य मी पुढं कितीदा वाचलं असेन! बाहेर थांबले त्यांनाही. आमच्या आजोबांचा सबंध जन्म कुणा ना कुणाच्या उंबऱ्याबाहेर थांबण्यात गेला होता. आत काय चाललं आहे ते त्यांना ऐकू यायचं. त्यातलं काही त्यांच्या वाट्याला यायचं नाही. आणि इथं कुठल्या तरी दूरच्या देशातल्या, आमचं नावगावही ठाऊक नसलेल्या माणसानं राक्षस मारायच्या खेळात हे लिहून ठेवलं होतं, की बाहेर थांबलेल्यालाही सारखा वाटा. पोरखेळाच्या पुस्तकावर रडतो म्हणून कुणी हसेल, म्हणून मी ते पान पटकन उलटून टाकायचो.

शिक्षणं संपली आणि ज्याची त्याची वाट ठरली. ते तिघं पुढं शिकायला आणि मग नोकरीला पुण्याला गेले. माझ्या वडिलांचं अंग एका बाजूनं लुळं पडलं होतं, तेव्हा मला गाव सोडता येण्यासारखं नव्हतं. गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत ड्रॉइंगच्या टेबलावर मला काम मिळालं. काम चांगलं होतं, माणसंही चांगली होती. पण रविवार उजाडला की सायकल आपोआप शाहूपुरीकडं वळायची. वरच्या खोलीला कुलूप असायचं. मी अव्वाकडं जेवायचो, तिचा गॅस लावून द्यायचो, मास्तरच्या वडिलांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचो. पावसाळ्यात एकदा पैलवानाच्या वडिलांची औषधं घेऊन राधानगरीला गेलो, तर रस्त्यावर पाणी आलं आणि दोन दिवस त्यांच्या म्हशींच्या सोबतीनं काढले. हे उपकार म्हणून सांगत नाही. त्या घरांशिवाय मला जाण्यासारखं दुसरं ठिकाणच उरलं नव्हतं.

पुण्यात त्यांनी खेळ पुन्हा सुरू केला. तीच गोष्ट, तीच पात्रं. दर रविवारी दुपारी मास्तरचा अव्वाच्या घरी फोन यायचा. आधी आईशी बोलणं, मग मी. कुठवर पोचले, कुणाला जखम झाली, पैलवानानं काय मूर्खपणा केला, सगळं तो मला सांगायचा. मी आठवडाभर त्या फोनची वाट पाहायचो. लग्न ठरलेल्या मुलीच्या फोनचीसुद्धा इतकी वाट मी पुढं कधी पाहिली नाही.

"आन वाटाड्या?" मी एकदा विचारलं.

"हाय की. घोड्यांजवळ थांबवलाय. घोडी राखाय कोणतरी पायजेच की."

"पॉइंट मिळत्यात न्हवं त्येला?"

"भावा, एक गंमत सांगायचीच ऱ्हायली. आपलं ते पुस्तक एक न्हवतंच. दोन आवृत्त्यांची पानं एकात बांधलेली. हितं नवीन मिळालं, कोरं करकरीत. त्यात ते घोड्यांचं वाक्यच न्हाय. जो लढला त्येलाच पॉइंट. स्वच्छ लिवलंय."

"मग आपला नियम? जो हितं न्हाय त्येच्या बाजूनं?"

"त्यो दोन वाक्यं असली तर," मास्तर म्हणाला. "आता एकच हाय की."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. गोंधळ संपला याचा त्याला मनापासून आनंद झाला होता. मी फोन ठेवला. अव्वानं विचारलं, "काय म्हणाला?" मी म्हणालो, "बरा हाय." मला त्या पॉइंटांचं काय करायचं होतं? ते कुठल्या दुकानात चालत नाहीत. पण माझी सगळी मेख तिथंच होती. मी अजून त्या टोळीतला आहे की नाही, हे मला दुसऱ्या कुठल्याही रीतीनं विचारता येत नव्हतं. फोनवर मित्राला असं विचारतात का? एवढं एक विचारायला माझ्याकडं फक्त तो नियम होता, आणि उत्तर मिळालं होतं.

पुढं एका दिवाळीनंतर मी पुण्याला गेलो. अव्वानं शेंगदाण्याच्या पोळ्या दिल्या होत्या. तिघांनी मला स्टँडवरच मिठ्या मारल्या, पोळ्यांवर तुटून पडले, आणि सकाळीच खेळ मांडला. टेबलावर नवं पुस्तक होतं, जाड पुठ्ठ्याचं, गुळगुळीत, रंगीत चित्रांचं. खरे वीस तोंडांचे फासे होते. बोलणं निम्मं इंग्रजीत चालायचं आणि माझ्याकडं वळलं की कोल्हापुरीत यायचं. ती पात्रं आता कुठल्या कुठं जाऊन पोचली होती. माझा वाटाड्या होता तसाच, कॉलेजात होता तेवढाच. माझे बाण कुणाला लागत नव्हते आणि मला मात्र सगळं लागत होतं. वैद्याची निम्मी औषधं माझ्यावर खर्च झाली. त्यानं एका शब्दानं कुरकुर केली नाही. "तू माझ्या मागं ऱ्हा, म्होरं येऊ नगंस," असं पैलवान सारखं सांगत होता, आणि इतक्या मायेनं सांगत होता की मला कुठं तोंड लपवू असं झालं.

दुपारी गोष्ट एका गुहेच्या तोंडाशी आली. मास्तर म्हणाला, वाट अरुंद आहे, घोडी आत जाणार नाहीत. वैद्य आपला कागद वाचू लागला, पैलवान फासा हातात घोळवत बसला. माझ्याकडं कुणी पाहत नव्हतं. मी म्हणालो, "मी थांबतो घोड्यांपाशी."

"थांबतोस? चालंल की," मास्तर लगेच म्हणाला. त्या 'लगेच'वर मी पुढं फार विचार केला. त्याला एक क्षण उशीर झाला असता, नुसता "कशाला रं?" म्हणाला असता, तरी मी थांबलोच असतो. पण मग ते थांबणं निराळं झालं असतं. ते आत गेले. आत काय काय होतं, ते मी शेजारी खुर्चीवर बसून ऐकत राहिलो. माझी पाळी येण्याचा प्रश्नच नव्हता. माझ्या गाडीची वेळ झाली तेव्हाही ते आतच होते. मास्तर रिक्षापर्यंत सोडायला आला. "बाहेर आलो की हाक मारतो तुला," तो म्हणाला.

त्यानंतर वैद्य अमेरिकेला गेला, पैलवानाला हैदराबादला नोकरी मिळाली, मास्तरनं बंगळूरला घर केलं. लग्नं झाली, मुलं झाली. सगळ्यांच्या मंगलकार्यांना मी गेलो, फोटोंत उभा राहिलो. खेळाचा विषय कुणी काढला नाही, आणि मीही काढला नाही. माझे वडील गेले, मग मास्तरचे गेले. अव्वा एकटी राहिली तेव्हा मास्तर तिला न्यायला आला. दुकान आधीच दुसऱ्या कुणाला दिलं होतं. आम्ही दोघं वरच्या खोलीतलं सामान बांधत होतो. ग्रीसचा वास अजून होता. तो वाकून दोरी आवळत होता आणि मला राहवेना.

"काय रं," मी विचारलं, "त्या गुहेतनं बाहेर आलासा काय शेवटी?"

त्यानं मान वर केली. आठवायचा प्रयत्न करत होता, हे मला दिसत होतं. भुवया आवळल्या, हसला, पुन्हा आवळल्या.

"कुठली गुहा?" त्यानं विचारलं.

"काय न्हाय," मी म्हणालो.

तेवढ्यात खालून अव्वाची हाक आली, "तम्मा, पेटी धर की रं!" तिनं पूर्वीसारखंच मला बोलावलं होतं, मुलाला नाही. मी खाली गेलो. पेटी धरली, गाडीत ठेवली, तिच्या पाया पडलो. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि ती रडली. मी रडलो नाही. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर त्या दुकानासमोर उभं राहण्याचं मला काही कारणच उरलं नाही, आणि तरी मी बराच वेळ उभा होतो.

त्याला आता वर्षं लोटली. तो खेळ अजून जगात खेळतात. दर काही वर्षांनी नवी आवृत्ती निघते आणि कुठला शब्द बदलला, कुठली ओळ गेली, हे लोक इंटरनेटवर हौसेनं लिहून ठेवतात. मीही ते वाचतो. ते घोड्यांचं वाक्य परत आलं नाही. एका आवृत्तीत गैरहजर असलेल्यांना मास्तरच्या मर्जीनं काही देता येईल अशी ओळ आली होती. मला ती आवडली नाही, तिला दयेचा वास येत होता. रागवायचं तरी कुणावर? ते जुनं वाक्य काढणारा कुणी दुष्ट नसणार. पान आटोपशीर करताना त्याला ते अनावश्यक वाटलं असेल, एवढंच. मास्तरही दुष्ट नाही. माणसं पुढं जातात, तेव्हा मागचं सगळं बरोबर नेता येत नाही, हे मला कळतं. पण संध्याकाळी फौंड्रीतून परत येताना, गडमुडशिंगीच्या फाट्यावर उतरून एकटा घराकडं चालताना कधीकधी माझ्या मनात येतं, की गोष्ट तर तिथंच थांबली आहे. ते तिघं आत आहेत. गुहेच्या तोंडाशी घोडी बांधलेली आहेत, आणि वाटाड्या तिथं उभा आहे. खेळ मोडला, हे त्याला कुणी येऊन सांगितलेलं नाही. आत गेलेले बाहेर आलेच नाहीत, तर घोड्यांपाशी थांबलेल्यानं किती वेळ थांबायचं, हे मी सगळ्या आवृत्त्यांत शोधलं. एकीतही त्याबद्दल ओळ नाही. पुस्तकं लिहिणारे बहुधा सगळे आत गेलेल्यांपैकी असावेत.